एमए इंग्रजी: सांगलीत, साताऱ्यात की कोल्हापूरला?

बीएचा निकाल लागला की ओळखीतली दोन-चार मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, आणि येताना मोबाइलमध्ये तिन्हीकडच्या अभ्यासक्रमांच्या पीडीएफ असतात. त्या बाजूला ठेवा म्हणतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यात एमएचा सांगाडा एकच झालाय: दोन वर्षं, चार सत्रं, साधारण ८८ क्रेडिट. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग (बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम शिकणं), पुढे संशोधन प्रकल्प. त्यामुळे पीडीएफ जुळ्या भावंडांसारख्या दिसणारच. आत काय भरायचं हे कोण ठरवतं आणि वर्गात उभं कोण राहतं, खरा फरक तिथे आहे.

सांगली जिल्ह्यातलं साधं संलग्न कॉलेज घेतलं तर अभ्यासक्रम कोल्हापूरहून येतो. शिवाजी विद्यापीठाचा, १९६२ पासून हीच वहिवाट. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर संलग्न कॉलेजांचे काही विभागप्रमुख निवडून जातात, पण तुमचे सर त्यात नसतील तर पुस्तकं बदलणं त्यांच्या हातात नाही. प्रश्नपत्रिकाही नाही. त्यांच्या हातात दोनच गोष्टी राहतात: कोणता ऐच्छिक पेपर चालवायचा आणि कोणता पेपर कुणाला द्यायचा. ऐच्छिक म्हणजे कागदावर तीन-चार असतात. ज्याला शिक्षक आहे तोच चालतो, आणि मुलांनी तोच ‘निवडला’ असं रजिस्टरला लिहिलं जातं. कायम शिक्षकांच्या जागा रिकाम्या, सगळा भार सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या शिक्षकांवर. मी स्वतः एका कॉलेजात सीएचबीवर होतो तेव्हा समीक्षेच्या पेपरला एका सत्रात एकामागून एक आम्ही तिघं शिक्षक झालो, मी तिसरा. प्रत्येकानं ॲरिस्टॉटलपासून सुरुवात केली. परीक्षेला पोरांना कॅथार्सिस तोंडपाठ, त्यापुढचं सगळं कोरं. दोष अभ्यासक्रमाचा नव्हताच. तासांची वाटणी कुणी बघतच नव्हतं.

स्वायत्त कॉलेज हा मधला मार्ग. तिथे अभ्यास मंडळाचा अध्यक्ष विभागप्रमुखच असतो. विभागातले सगळे शिक्षक, बाहेरचे दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक, उद्योगातला एक आणि एक माजी विद्यार्थी असं मंडळ. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या, पदवी मात्र विद्यापीठाचीच.

साताऱ्यात याच्या पुढची पायरी आहे. रयतची तीन कॉलेजं (छत्रपती शिवाजी, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स) एकत्र येऊन २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. पालक पहिलं विचारतात, ‘ही डिग्री चालते ना?’ चालते, राज्य सार्वजनिक विद्यापीठ आहे. शिकवणारेच अभ्यासक्रम करतात, त्यामुळे एखादा पेपर जमत नाही असं दिसलं तर तो बदलायला फार दारं ठोठवावी लागत नाहीत. पण अशा रचनेत विभागप्रमुखाचा शब्द जड होतो. प्रमुख वाचणारा असेल तर मजा. नसेल तर त्याच्या एमएच्या वेळच्या नोट्स हाच तुमचा नवा अभ्यासक्रम, आणि वरून सहसा कुणी अडवत नाही.

कोल्हापूरच्या विद्यापीठ विभागाची जमेची बाजू म्हणजे खर्डेकर ग्रंथालय आणि आजूबाजूला पीएचडी करणारी माणसं. चहाच्या टपरीवरही प्रबंधाचं बोलणं चालतं, हे कॉलेजात मिळत नाही. प्रमुखपद आळीपाळीनं फिरतं, म्हणून एकाच माणसाच्या लहरीवर विभाग चालत नाही. तोटा इतकाच की एका प्रमुखानं धरलेली गोष्ट दुसरा सोडूनही देतो. मिरजेहून पन्नासेक किलोमीटर, रोज रेल्वेनं जमतं. साताऱ्याहून मात्र सव्वाशेच्या घरात, म्हणजे हॉस्टेलचा खर्च धरा.

मी मुलांना एक चाचणी सांगतो. विभागप्रमुखांना भेटा आणि म्हणा, मला प्रकल्प ‘ऑथेल्लो’ आणि त्याचं देवलांनी केलेलं मराठी रूपांतर ‘झुंझारराव’ यांवर करायचाय. देवल हरिपूरचे, सांगलीपासून चालत जाण्याइतकं गाव. ‘मराठीचं आपल्याकडे नको’ असं उत्तर आलं तर निघा. ‘बघू, आधी फॉर्म भर’ म्हणाले तर पुन्हा एकदा जा, कदाचित घाईत असतील. ‘कोणती आवृत्ती वाचलीस?’ असं उलट विचारलं तर इमारत कशी का असेना, तिथेच फी भरा.

दुसरा प्रश्न ट्रेनिंगचा. बऱ्याच ठिकाणी शाळेचा शिक्का आणून चार क्रेडिट उरकतात. मार्केट यार्डातल्या हळदीच्या निर्यातदाराकडे आमची एक विद्यार्थिनी महिनाभर बसली. परदेशी खरेदीदाराला माल उशिरा येतोय हे न चिडवता कसं कळवायचं, ते ती तिथे शिकली. वर्गात मी दोन वर्षांत शिकवू शकलो नव्हतो. साताऱ्याच्या मुलांना भिलारचं पुस्तकांचं गाव आहे. मागच्या वर्षी मुलं कुठे पाठवली, हे नावानिशी विचारा.

माझं मत विचाराल तर पुढे पीएचडी डोक्यात असेल आणि घरची ऐपत असेल तर कोल्हापूर. सातारकरांनी आधी आपल्याच विद्यापीठात जाऊन प्रमुखांशी बोलावं. घरची शेती किंवा दुकान सांभाळून शिकायचं असेल तर जवळचं कॉलेज, पण टाइमटेबल बघून. जाताना बुधवार-गुरुवारी अकराच्या सुमारास जा. फळ्यावर कालची तारीख दिसते की जानेवारीतली, बघा.