अयुथया की सुखोथाई? निवांत फिरायचं तर मुक्काम कुठे करावा

थायलंडच्या सहलीत जुन्या राजधानीसाठी दोन-तीन दिवस काढायचे म्हटले की ही दोन नावं पुढे येतात. दोन्ही 1991 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि फोटोंत तर जुळ्या बहिणी वाटतात. प्रत्यक्षात अयुथयाचे अवशेष गजबजलेल्या शहरात विखुरले आहेत, तर सुखोथाईचे तळ्यांच्या आणि झाडांच्या मधोमध. रेंगाळायचं असेल तर सुखोथाई, हे आमचं मत आधीच सांगून टाकतो. पण हाताशी दिवस किती आणि सोबत कोण, यावर ते फिरूही शकतं.

पहिला फरक अंतराचा. अयुथया बँकॉकपासून जेमतेम 80 किलोमीटर. साध्या गाडीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट चहाच्या भावात मिळतं आणि दीड-दोन तासांत पोचता येतं. विमान डॉन मुआंगला उतरत असेल तर विमानतळासमोरच्या स्थानकातूनच गाडी पकडा, बँकॉकमध्ये शिरायची गरज नाही. जुनं अयुथया हे तीन नद्यांच्या मधलं बेट आहे आणि रेल्वे स्थानक पलीकडच्या काठावर. स्थानकाबाहेरचा रस्ता ओलांडून सरळ गेलं की धक्का लागतो, तिथून छोटी होडी काही बाटांत (थाई चलन) पार नेते. स्थानकाच्या दारातच गाठणाऱ्या टुकटुकवाल्यांना हे सांगायची घाई नसते.

सुखोथाईला रेल्वे नाही. बँकॉकच्या मो चित स्थानकावरून बसने सहा-सात तास, किंवा रेल्वेने फित्सानुलोक शहरापर्यंत आणि पुढे बसने तासभर. विमान आहे, पण महाग. इथे हमखास होणारी चूक म्हणजे खोली नव्या सुखोथाईत घेणं. अवशेष आहेत जुन्या गावात, म्हणजे 12 किलोमीटर पश्चिमेला. दोन्हींमध्ये सोंगथाव (मागे समोरासमोर बाकं असलेला टेम्पो) धावतो, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास तो बंद होतो आणि नेमकं तेव्हाच तळ्यावरचं ऊन बघण्यासारखं असतं. मुक्काम जुन्या गावातच, उद्यानाच्या फाटकापासून चालत जाता येईल असा करा.

बघायला काय? सुखोथाई तेराव्या शतकातली, आणि नाव म्हणजे सरळसरळ ‘सुखोदय’. कोकणातल्या माणसाला इथल्या खांबांची ओळख द्यावी लागत नाही: गिलावा गळून आतला जांभा उघडा पडला आहे. वाट महाथातचा (थाईत ‘वाट’ म्हणजे मंदिर, ‘महाथात’ म्हणजे महाधातु) मधला स्तूप कमळाच्या कळीच्या आकाराचा आहे, हा घाट खास सुखोथाईचा. चालता बुद्धही इथलाच: एक टाच किंचित उचललेली, हात लयीत सैल सोडलेला. वाट सी चुममध्ये भिंतीतल्या उभ्या चिरेतून आधी फक्त चेहरा दिसतो. आत शिरल्यावर कळतं की मूर्ती 15 मीटर उंच आहे आणि मांडीवर टेकलेली हाताची बोटंच माणसाच्या उंचीशी स्पर्धा करतात. इथे सकाळी लवकर जा, मूर्तीचं तोंड पूर्वेला आहे.

अयुथया म्हणजे अयोध्या. 1350 च्या सुमारास वसली, 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने लुटून जाळली. इतक्या मूर्ती शिराविना का, याचं उत्तर काही अंशी त्या लुटीत आणि काही अंशी नंतरच्या मूर्तिचोरांत आहे. इथेही एक वाट महाथात आहे, त्यात झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धमुख आहे. त्याच्यापेक्षा आपलं डोकं वर ठेवून फोटो काढू देत नाहीत, खाली बसावं लागतं. पश्चिम काठावरचं वाट चायवत्थनाराम (1630) मावळतीसाठी राखून ठेवा. मात्र भाड्याचा थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांची तिथे जत्रा असते.

सायकल दोन्हीकडे 50 बाटांच्या आसपास मिळते. दुकानदार अनामत म्हणून पासपोर्ट मागतात. तो देऊ नका, रोख किंवा झेरॉक्स पुढे करा. ब्रेक आणि कुलूप तिथेच तपासा. सुखोथाईच्या तटबंदीच्या आत रस्ता सपाट, रहदारी नाहीच. पश्चिमेला वाट सफान हिनच्या टेकडीवर ओबडधोबड दगडी फरशांची पायवाट आहे, रबरी चप्पल तिथे घसरते. अयुथयात सायकलला मोटारींच्या रस्त्यावरून जावं लागतं आणि मंदिरं लांब लांब आहेत. आईवडील सोबत असतील तर बेडकाच्या तोंडासारख्या दर्शनी भागाचं टुकटुक तासाच्या भावाने ठरवा, आणि किती मंदिरं ते आधी बोलून घ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी म्हणूनच अयुथया सोयीची.

तिकिटं: सुखोथाईत मध्य, उत्तर आणि पश्चिम असे तीन विभाग, प्रत्येकाचं वेगळं तिकीट शंभर बाटांच्या आगेमागे. अयुथयात दर मंदिराला वेगळं, किंवा मुख्य मंदिरांचं मिळून एक. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाट किंवा अधिक कापतं, म्हणून बँकॉकमध्येच एकदम काढा.

शाकाहारींची खरी कसोटी सुखोथाईत. तिथल्या प्रसिद्ध नूडल्समध्ये चवळीच्या शेंगा, शेंगदाण्याचं कूट, गूळ, लिंबू, सगळं आपल्या ओळखीचं, पण वर डुकराचं मांस. ‘मांगसविरत’ हा शब्द उपयोगी पडतो, मूळ ‘मांसविरति’च. तरी मासळीचा रस पडू शकतो, म्हणून ‘माय साय नाम प्ला’ हे वेगळं सांगा. पिवळ्या पाटीवर लांबून लाल 17 सारखं काही दिसलं तर ते ‘जे’ अक्षर: मांस, अंडं, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. जैन कुटुंबाने तीच पाटी शोधावी. अयुथयात पर्याय जास्त, शिवाय रोती साय माय मिळते: पातळ पोळीत गुंडाळलेले म्हातारीचे केस. पुडा उघडला की लगेच संपवा, दमट हवेत तासाभरात त्याचा गोळा होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे चांगला काळ. एप्रिलमध्ये विटा तापतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन्ही ठिकाणी पुराची धास्ती. लोय क्रथोंग हा पाण्यात दिवे सोडायचा सण बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. दिवे सोडलेली सुखोथाईची तळी तेव्हा बघावीत, पण निवांतपणा विसरा, आणि खोली काही महिने आधी धरा.

एकच मोकळा दिवस असेल तर अयुथया, पण आदल्या संध्याकाळी जाऊन राहा. बँकॉकहून सकाळी निघणारे ऐन उन्हात पोचतात आणि चांगलं ऊन यायच्या आत परततात. चार दिवस असतील तर निवड करायचीच कशाला? दोन्ही उत्तरेच्या एकाच रेल्वेमार्गाने जोडता येतात: अयुथयाला एक रात्र, तिथून गाडीने फित्सानुलोक, तिथल्या फ्रा फुत्थ चिन्नराट या सोनेरी बुद्धमूर्तीचं दर्शन घेऊन बसने सुखोथाई, आणि तिथे दोन रात्री. उलट क्रमाने जाऊ नका. सुखोथाईची शांतता अंगवळणी पडल्यावर अयुथयाच्या रस्त्यांचा आवाज जरा जास्तच टोचतो.