वेधशाळेच्या आवारात नऊ महिने: टाइम-लॅप्स संच वापरल्यानंतरचा अनुभव

नऊ महिन्यांपूर्वी टाइम-लॅप्ससाठी, म्हणजे ठरावीक अंतराने फोटो काढून त्यांची वेगवान चित्रफीत करण्यासाठी, एक संच घेतला. त्यात ठरलेल्या अंतराने आपोआप फोटो काढायला लावणारा इंटरव्हॅलोमीटर, सावकाश फिरणारं मोटरचं हेड, लेन्सभोवती गुंडाळायचा ड्यू हीटरचा पट्टा आणि या सगळ्याला पुरेल अशी बॅटरी आहे. कॅमेरा जुनाच, लेन्स २० मिलिमीटर, एफ १.८. एका वेधशाळेच्या आवारात रात्री थांबायची परवानगी मिळाली होती. घुमटावरून सरकणारं आकाश आणि त्याच आवारात रात्री हिंडणारी खोकडं, ससे, पिंगळे, असं दोन्ही टिपायचं मनात होतं.

आधी पट्ट्याबद्दल लिहितो, कारण त्याने माझ्या जितक्या रात्री वाचवल्या तितक्या दुसऱ्या कशानेच नाहीत. निरभ्र रात्री लेन्सची काच आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. मग हवेतली वाफ तिच्यावर बसते. हे इतकं सावकाश होतं की पहिल्या तासात काहीच कळत नाही. दुसऱ्या तासात तारे मऊ दिसू लागतात आणि पहाटे बघावं तर निम्म्या फ्रेम धूसर. पट्टा काचेला फक्त दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं त्याच्या, थोडं वर ठेवतो, तेवढंच पुरतं. मी सुरुवातीला तो पूर्ण तापवायचो, ते चुकीचं होतं. लेन्स तापली की फोकस सरकतो. आता फोकस करण्याआधी अर्धा तास पट्टा मधल्या पातळीवर चालू करतो, मग एका ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस लावतो आणि रिंगवर चिकटपट्टी लावतो. पट्टा लावल्यापासून दवामुळे एकही रात्र वाया गेलेली नाही.

इंटरव्हॅलोमीटर वेळेला पक्का आहे. ताऱ्यांसाठी २० सेकंदांचं एक्स्पोजर (शटर तेवढा वेळ उघडं) आणि दर २४ सेकंदांना एक फ्रेम. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या वेगाने दहा सेकंदांच्या चित्रफितीला २५० फ्रेम लागतात, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. तारे ताणले जाऊ नयेत म्हणून ५०० ला फोकल लेंग्थने भागायचा जुना आडाखा २० मिलिमीटरला २५ सेकंद देतो, पण आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर तो सैल पडतो. म्हणून मी वीसवर थांबलो. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नको असलेले ठिपके काढायची सोय) बंद ठेवायला विसरू नका. ते चालू असेल तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ आणखी घेतो आणि वेळापत्रक कोलमडतं. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेची मांडणी) एका आकड्यावर बांधून ठेवावा.

मोटरच्या हेडबद्दल मन दुभंगलेलं आहे. ते फ्रेमच्या मधल्या वेळात हलतं आणि एक्स्पोजर चालू असताना स्थिर राहतं, हे उत्तमच. पण प्रत्येक हालचालीला बारीक कुरकुर होते. माणसाला ती दहा पावलांवर ऐकू येत नाही, सशाला येते. हेड चालू असलेल्या रात्री ससे कॅमेऱ्याच्या बाजूला फिरकलेच नाहीत, ते बंद ठेवल्यावर तिसऱ्या रात्री आले. शिवाय घुमट फ्रेममध्ये असेल तर कॅमेरा स्थिरच बरा. आकाश तासाला १५ अंश सरकतं आणि दुर्बिणीने एकच लक्ष्य धरून ठेवलं असेल तर घुमटाची फटही त्याच्या मागे सरकत जाते. तिथे उभं राहून हे कधीच जाणवत नाही. चित्रफितीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ती वीसेक वेळा पुन्हा लावली.

संचातली सगळ्यात मोठी खोट म्हणजे बॅटरीवरचा निळा दिवा. तो बंद करायची सोयच नाही. वेधशाळेत एकही अनावश्यक प्रकाशकण चालत नाही. तिथे लोक मंद लाल दिव्यावर वावरतात, कारण लाल उजेडात अंधाराला सरावलेले डोळे कमी बिघडतात. मी त्या दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचे तीन थर लावले आहेत. ज्या वस्तू रात्रीच्या आकाशाच्या नावाने विकल्या जातात त्यांच्यात तरी ही काळजी घेतलेली असायला हवी होती, याचा मला खरोखर राग आहे.

याच्याशी जोडूनच एक इशारा. प्राण्यांसाठी मी आधी इन्फ्रारेड ट्रेल कॅमेरा, म्हणजे प्राणी समोर आला की अवरक्त उजेडात आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचं ठरवलं होतं. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे मंद लाल दिसतात, ९४० चे आपल्याला दिसत नाहीत. पण सिलिकॉनचा सेन्सर साधारण १००० नॅनोमीटरपर्यंत पाहतो आणि दुर्बिणीच्या टोकाला सहसा तोच बसवलेला असतो. आपल्याला न दिसणारा दिवा तिथे दिवाच असतो. तिथल्या निरीक्षकांनी हे समजावून सांगितल्यावर मी ट्रेल कॅमेरा आवारात नेलाच नाही. कुठेही असं काही लावण्याआधी तिथल्या माणसांना विचारा.

मग प्राणी टिपायचे कसे? वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमधून खोकड चालत गेलं तर त्याचा मागमूस राहत नाही. थोडं थांबलं तर पारदर्शक छाया उमटते. पिंगळा एकाच खांबावर बराच वेळ बसतो, त्यामुळे तो एवढ्या काळातही सापडतो. बाकीच्यांसाठी चंद्रप्रकाशच हवा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० आणि एफ १.८ वर पौर्णिमेच्या आसपास एक सेकंदही पुष्कळ होतो, अष्टमीला तीन-चार सेकंद लागतात. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणून त्या रात्री चंद्र असेपर्यंत जमिनीकडे, पाच सेकंदांच्या अंतराने, आणि चंद्र गेल्यावर तोच कॅमेरा आकाशाकडे. अमावास्येपेक्षा मला आता या रात्रीची जास्त ओढ असते.

बॅटरी थंडीत लवकर उतरते. सांगितलेल्या क्षमतेच्या साधारण दोन-तृतीयांश मिळते असं धरून चालतो आणि ती लोकरीच्या पिशवीत ठेवतो. केबलची जोडणी सहाव्या महिन्यात सैल झाली, बदलून मिळाली.

अंधाऱ्या रात्रींच्या फ्रेममध्ये क्षितिजाजवळ हिरवट लाटा दिसल्या, तर त्या पुसून टाकायची घाई करू नका. मी पहिल्या दोन चित्रफितींत त्या शहराचा उजेड समजून दाबून टाकल्या होत्या. तो वायुदीप्तीचा प्रकाश होता. साधारण ९५ किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन ५५७.७ नॅनोमीटरला स्वतः चमकत असतो. डोळ्यांना तो बहुतेक वेळा रंगहीन वाटतो, पण टाइम-लॅप्समध्ये त्याच्या लाटा वाहताना दिसतात.

मागच्या अष्टमीला घुमटाच्या पायऱ्यांशी एक खोकड येऊन बसलं. अकरा फ्रेम, म्हणजे जेमतेम मिनिटभर. सहाव्या फ्रेमला घुमट थोडा फिरला आणि सातव्यात त्याची मान वर, घुमटाकडे वळलेली आहे. पंचवीसच्या वेगाने हे सगळं अर्ध्या सेकंदात संपतं, म्हणून तेवढा भाग मी दहाच्या वेगावर ठेवला आहे.