आरसी ३९० ला अपोलो अल्फा एच१: आधी चेन्नईचा ट्रॅक, मग वर्ध्याकडचे रस्ते

पहिल्यांदा ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायच्या दिवसाला, जायचं ठरलं की आमच्याकडची पोरं आधी टायरचंच विचारतात. विचारताना डोक्यात असतं सॉफ्ट कंपाउंड (मऊ रबर), नाहीतर कुण्या रेसरने वापरून सोडलेलं स्लिक, म्हणजे खोबणी नसलेला रेसचा टायर. ट्रॅकवर जाऊन आल्यावर आणि त्याच टायरांवर उन्हाळा, पावसाळा काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. पहिल्या वेळी रस्त्यावर चालणारा चांगला स्पोर्ट रेडियलच (आतले धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे असलेला टायर) टाका, पण तो ताज्या तारखेचा असू द्या. उरलेल्या पैशात ग्लोव्हज घ्या आणि हवा मोजायचं स्वतःचं गेज घ्या.

माझी गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल, केटीएम आरसी ३९०, ३७३ सीसीची. पुढचा टायर ११०/७०-१७, मागचा १५०/६०-१७. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि रोज शाळेत शिकवायला याच गाडीने जातो. रस्ता सरळ आहे. शेवटचा तुकडा पांदणीचा. कंपनीतून आलेले मेट्झेलर स्पोर्टेक एम५ या रस्त्यांवर संपले होते, म्हणून नवी जोडी घ्यायचीच होती. ट्रॅकचं बुकिंग झालं आणि दोन्ही गरजा एकाच खर्चात बसवायचं ठरवलं.

पिरेलीचा डायब्लो रोसोही मनात होता, टायर नावाजलेला आहे. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून दुकानातला परदेशी टायर जुन्या साठ्यातला असू शकतो, म्हणून तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत असं मी मानतो. टायरच्या बाजूवर डीओटी असं लिहिलेलं असतं आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३४२३ म्हणजे २०२३ सालचा चौतिसावा आठवडा. नागपूरला एका दुकानात मोबाईलच्या टॉर्चखाली मी ते वाचले, तर टायर चार वर्षांचा निघाला. वरून काळाकुळीत, नवाकोरा. दुकानदार म्हणाला, "सर, वापरला थोडीच आहे." वापरला नसला तरी रबर पडून पडून कडक होत जातं, आणि ट्रॅकवर झुकलेल्या गाडीला धरून ठेवायचं काम त्या रबराचंच असतं. तो मी घेतला नाही. अपोलोचा अल्फा एच१ भारतातच बनतो आणि मिळाला तो त्याच वर्षीचा. दोन्ही मापांत, दोन्ही रेडियल, दोन्ही ट्यूबलेस. मापानंतर जे एच अक्षर येतं ते ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाचं. आरसीला त्याहून जास्त लागत नाही.

आता स्लिकचं. रेसचं रबर गरम असेल तरच धरतं, म्हणून रेसवाले टायरवर विजेची ब्लँकेटं गुंडाळून ते साधारण ८० अंशांपर्यंत तापवतात आणि मगच गाडी बाहेर काढतात. नवशिक्याकडे ती ब्लँकेटं नसतात. त्याहून मोठी अडचण अशी की नवशिक्याचा वेगही इतका नसतो की टायर आपोआप तापेल आणि तापलेला राहील. ब्रेक हळू लागतो, गाडी कमी झुकते, थ्रॉटल उशिरा उघडतो. तेवढ्यात रेसचं रबर अर्धं थंडच राहतं. थंड रबर रस्ता धरण्याऐवजी घसरतं, वरून फाटतंही. दुसऱ्याने वापरून टाकलेलं स्लिक तर कितीदा तापून थंड झालंय याचा पत्ता नसतो, आणि प्रत्येक वेळी ते थोडं आणखी कडक होतं. रोड-स्पोर्ट टायर मात्र अशाच कमी तापमानात काम करायला बनवलेला असतो. वॉर्म-अपच्या एकदोन फेऱ्यांत तो तयार होतो.

दुसरं कारण आपल्या भागातून जाणाऱ्याला लगेच कळेल. मद्रास इंटरनॅशनल सर्किट श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. मी गाडी नागपूरहून रेल्वे पार्सलने पाठवली (टाकी पूर्ण रिकामी करायला लावतात, हे लक्षात ठेवा), आणि चेन्नईत उतरवून पुढे ट्रॅकपर्यंत शहराच्या ट्रॅफिकमधून चालवत नेली. स्लिकवर हे करता येत नाही, करूही नये. ट्रेलर आणि स्पेअर रिम असणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

नवीन टायर बसवून थेट ट्रॅकवर जाऊ नका. नव्या टायरचं वरचं कातडं गुळगुळीत असतं, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ते हलक्या हाताने घासून काढावं लागतं. आमच्याकडे सरळ रस्त्यावर फक्त मधलाच भाग घासतो, कडा तशाच चकचकीत राहतात. म्हणून मी चिखलदऱ्याच्या घाटात जाऊन आलो. सावकाश, दर वळणाला थोडं जास्त झुकवत. विदर्भात वळणं शोधायची तर मेळघाटाकडेच जावं लागतं.

ट्रॅकची लांबी ३.७ किलोमीटर आहे, वळणं १२. सकाळी स्क्रूटिनीत, म्हणजे गाडीच्या तपासणीत, चेन, ब्रेक पॅड, कुठे तेल गळतं का, आणि टायर बघितले. आरसे काढायचे, दिव्यांना टेप लावायचा. पंक्चरची बत्ती (भोकात बाहेरून खुपसलेली रबरी दोरी) घातलेला टायर घेऊन जाऊ नका. तो परत पाठवतील न पाठवतील, पण जोरात ब्रेक मारताना ती बत्ती तुमच्याच मनात राहते.

खरं शिकलो ते हवेचं. मॅन्युअलपेक्षा एक पाऊंड कमी, म्हणजे थंड टायरमध्ये २८ ठेवून निघालो. सेशन संपवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत) आल्याआल्या मोजली तर ३२ च्या आसपास. टायर साधारण तीस अंश तापला की इतकी वाढ होतेच, आतली हवा फुगते. ट्रॅकवर शिकवणाऱ्या कोचने सांगितलेलं मी कायमचं लक्षात ठेवलंय: हवा याहून फार वाढली तर सुरुवातीला कमी भरली होती, टायर जास्त दबत होता म्हणून जास्त तापला. फारच कमी वाढली तर जास्त भरली होती, टायर तापलाच नाही. म्हणून मोजायची तर गाडी थांबल्याबरोबर. चहा पिऊन आल्यावरचा आकडा कामाचा नाही.

त्याच वेळी टायरवर हात फिरवला. कडेकडे रबर बारीक वळ्यांसारखं गोळा झालं होतं, खवल्यांसारखं नाही. मधोमध गुळगुळीत, मग हाताला किंचित खरखर लागणारा पट्टा, आणि अगदी काठावर बोटाच्या पेराएवढी कोरी पट्टी. ती कोरी पट्टी घासायच्या नादी लागायचं काही कारण नाही. कोचने पूर्ण दिवस आमच्याकडून नजर आणि ब्रेकच करून घेतले, आणि टायरकडे लक्ष द्यावं लागलंच नाही. नवशिक्याच्या टायरने एवढंच करायला हवं. हातात आलेलं हँडल हलकं लागत होतं, वळणात गाडी एकसारखी खाली जात होती, मध्येच धपकन पडत नव्हती. दुपारी वेग वाढल्यावर एका लांब वळणातून बाहेर निघताना मागचा टायर किंचित सरकला, पण आधी सांगून सरकला. थ्रॉटल जरासा सोडला, परत बसला. रोड टायरची ही सवय मला फार मोलाची वाटते.

ट्रॅकनंतरचे महिने गावातले. इथलं ऊन टायरला ट्रॅकपेक्षा जास्त छळतं. मे महिन्यात दुपारी डांबर इतकं तापतं की पायातली चप्पल चिकटते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे तर पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून हवा पहाटेच भरतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो आणि पंपवाला काढून टाकतो, मग सकाळी टायर बसलेला असतो.

पावसात डांबरी रस्त्यावर एच१ ने मला एकदाही धाकधूक लावली नाही. पांदणीवरची काळी माती वेगळी. ती खोबणीत भरली की कोणताही रोड टायर गुळगुळीतच होतो, तिथे उतरून ढकलत नेतो. आमचा पंक्चरवाला नव्या टायरकडे पाहून म्हणालाच होता, "सर, याले खोबणी कमी हायेत, चिखलात जपून चालवजा." दिवाळीच्या आगेमागे रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं असतं. तेव्हा दाण्यांवरून ब्रेक न मारता, हँडल सरळ ठेवून, सावकाश जायचं. टायर कितीही महाग असला तरी दाण्यांवर त्याचं काही चालत नाही. पंक्चर बाभळीच्या काट्याने झालं, आणि एकदा वावरातल्या पऱ्हाटीच्या खुंटाने. खुंटाचं भोक मोठं होतं, म्हणून बत्तीवर न भागवता टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावला. रोजच्या कामाला तो पुरतो, ट्रॅकला तो टायर मी नेणार नाही.

आता मागच्या टायरचा मधला भाग सपाट झालाय. हा दोष रस्त्याचा आहे: हिंगणघाट ते वर्धा सरळ रेघ, आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी असली तरी बाकीचे रस्ते काही कमी सरळ नाहीत. सपाट टायर सरळ चालवताना कळत नाही, वळणात कळतो. गाडी आधी झुकायला तयार होत नाही, मग एकदम पडते. टायर झिजून संपल्याचं दाखवणाऱ्या टीडब्ल्यूआयच्या खुणेला अजून थोडं रबर बाकी आहे, पण पुन्हा ट्रॅकला जायचं तर मागचा बदलूनच जाईन. पुढचा अजून गोल आहे. तरी ट्रॅकसाठी जोडी सोबतच घेईन, कारण पुढच्या चाकावरच ब्रेकचा बहुतेक भार येतो.

गावातली मुलं यामाहा आर१५ आणि बजाज पल्सर एनएस२०० घेऊन विचारायला येतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एनएसला १००/८०-१७ आणि १३०/७०-१७ हेच माप ठेवा. मागे १५० चा टायर कोंबला तर अरुंद रिममध्ये तो दोन्हीकडून दाबला जातो, वरून टोकदार होतो, आणि रुंद दिसला तरी वळणात त्याचा आकार बिघडलेला असतो. कधी चेनलाही घासतो. आणि साधा नायलॉन टायर (रेडियल नसलेला, आतले धागे तिरपे असलेला) असेल तर नव्या तारखेच्या चांगल्या नायलॉनवरही पहिला ट्रॅक डे नीट होतो. फक्त पुढे-मागे एकाच जातीचे ठेवा. आर१५ सारखी कंपनीनेच पुढे नायलॉन, मागे रेडियल दिलेली असेल तर तेच चालू ठेवा. गेज मात्र सोबत न्या, माझं हवं असेल तर शाळा सुटल्यावर घरी येऊन घेऊन जा.