घराणं म्हणावं की गायकी?

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात चहा पिताना शास्त्रीय गायनातले हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. चालून जातं, पण त्यांचं काम वेगळं आहे.

घराणं सांगतं वंशावळ: कोण कोणाकडे शिकलं. नावं बहुतेक गावांची, ग्वाल्हेर, आग्रा, पतियाळा. किराणासुद्धा उत्तर प्रदेशातलं कैराना. वाण्याच्या दुकानाशी संबंध नाही. अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, ही साखळी म्हणजे घराणं. निदान तीन पिढ्या हव्यात, असा संकेत आहे.

गायकी मात्र कानाला कळते. आवाज कसा लावला, आलाप किती सावकाश, तान, म्हणजे सुरांची वेगवान लड, कुठून उठली, लयीशी किती खेळ. किराण्यात एकेका सुराची संथ बढत, म्हणजे सावकाश उलगडत जाणं. अल्लादिया खाँच्या जयपूर-अत्रौलीत पेचदार ताना आणि जोडराग, म्हणजे दोन राग मिळून झालेले राग. इथवर दोन्ही शब्द हातात हात घालून चालतात. पण भीमसेनजींच्या गडगडाटी ताना ऐका. घराणं किराणाच, गायकी मात्र त्यांची स्वतःची. कुमार गंधर्वांच्या बाबतीत तर घराण्याचं लेबल लावायला गेलात की पंचाईतच. ‘कुमारांची गायकी’ म्हटलं की काम भागतं.

म्हणून तालमीबद्दल बोलायचं तर घराणं, काल रात्री काय ऐकलं ते सांगायचं तर गायकी. पुण्यातले जाणकार घराण्यावरून जरा जास्तच भांडतात, असं माझं मत. नुसत्या घराण्याच्या नावावरून मैफल कशी झाली ते समजत नाही.