अलास्काच्या जुलैत आठवडाभर अंगावर असलेले जॅकेट

व्हँकुव्हरहून निघून जुनो, स्कॅग्वे, ग्लेशियर बे आणि केचिकन असा फेरा करून परतणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझसाठी मी एक पावसाळी जॅकेट घेतले होते. हे परीक्षण त्या जॅकेटचे आहे. परंतु त्याच्या आत काय घातले होते हे सांगितल्याशिवाय त्याच्याविषयी काही सांगणे अपुरे ठरेल, म्हणून बॅगेतल्या इतर कपड्यांचाही उल्लेख ओघाने येईल.

जॅकेट तीनपदरी कापडाचे आहे. त्याला वेगळे अस्तर नाही आणि ऊब देणारे भरणही नाही. शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, काखेत हवा खेळण्यासाठी चेन आहे आणि पाणी अडवण्याची क्षमता २०,००० मिलिमीटर अशी लिहिलेली आहे. हा आकडा पावसाचा नसून चाचणीतल्या दाबाचा असतो: कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे उतरत नाही, असा त्याचा अर्थ. घडी केली की हे जॅकेट मध्यम आकाराच्या पिशवीत मावते आणि उचलताना हाताला जवळजवळ जाणवत नाही. ऊब नसलेले जॅकेट थंड प्रदेशात कशाला, असे घरातल्या सगळ्यांनी विचारले, आणि त्या विचारण्याला घाबरून मी एक जाड भरणाचा कोटही बॅगेत कोंबला. अर्धी बॅग त्यानेच अडवली आणि सात दिवसांत तो एकदाही बाहेर निघाला नाही.

जुनोचे जुलैतले सरासरी कमाल तापमान १८ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि किमान १० अंशांच्या आसपास असते. हे आकडे वाचून एका स्वेटरवर भागेल असे वाटते, पण ते आकडे जमिनीवरच्या माणसासाठी आहेत. जहाज २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने जात असेल, तर हवा अगदी पडलेली असली तरी डेकवर तेवढा वारा लागतोच, आणि त्या वाऱ्यात १० अंशांची हवा अंगाला ६ अंशांसारखी लागते. उलट बंदरावर उतरून तासभर चालले आणि ऊन पडले की घामाने कपडे अंगाला चिकटू लागतात. जुनोला मेंडेनहॉल हिमनदीच्या परिसरातून नगेट धबधब्याकडे जाणाऱ्या सपाट वाटेवर मी दोन तासांत चार वेळा कपडे चढवले आणि उतरवले. जाड कोटात असे करताच येत नाही; तो एक तर अंगावर असतो, नाही तर हातात ओझे होऊन बसतो. पातळ जॅकेट, त्याखाली फ्लीस म्हणजे मऊ, लवदार कापडाचा उबदार थर आणि त्याखाली मेरिनो लोकरीचा अंगालगतचा सदरा, असे तीन थर असले की हवेप्रमाणे एकेक कमी-जास्त करता येतो. काखेतल्या चेनचा खरा उपयोगही इथेच कळला, कारण चालताना जॅकेट न काढता ती उघडली की दोन-चार मिनिटांत आतला दमटपणा निघून जातो.

मेरिनोचे दोन सदरे आठवड्याला पुरले. ही लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि तिला घामाचा वास लवकर धरत नाही. याउलट मी हौसेने नेलेली सुती जीन्स केचिकनला भिजली, ती केबिनच्या न्हाणीघरातल्या दोरीवर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही शिवणींपाशी ओलीच होती. अशा प्रवासात जीन्स नेऊच नये. झटपट वाळणारी एक पँट आणि तिच्यावरून चढवायची पावसाळी विजार पुरेशी आहे. छत्रीही तशीच बिनकामाची ठरली.

स्कॅग्वेला पाऊस कमी आणि वारा फार. १८९८ ते १९०० या काळात बांधलेल्या व्हाइट पास रेल्वेने खिंडीकडे जाताना गाडी सुमारे ३२ किलोमीटरांत ८७३ मीटर उंची गाठते आणि डब्याच्या टोकाला असलेल्या उघड्या सज्जावर उभे राहता येते. तिथे या जॅकेटने वारा पूर्णपणे अडवला. नुसत्या फ्लीसमधून तो सरळ हाडापर्यंत पोहोचला असता. सोन्याच्या शोधात याच डोंगरांतून निघालेल्या लोकांना कॅनडाच्या पोलिसांनी वर्षभराचे अन्न बरोबर असल्याशिवाय पुढे सोडले नव्हते, आणि एकेकाचे एकूण सामान टनाच्या घरात जाई. जाड कोट नेल्याबद्दलचा माझा अपराधीपणा हे ऐकून बराच कमी झाला.

जॅकेटचा मोठा दोष ग्लेशियर बेमध्ये उघडा पडला, आणि त्यात निम्मी चूक माझी आहे. जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबते, तेव्हा बर्फावर थंड होऊन जड झालेली हवा उतारावरून खाली वाहत येते आणि थेट तोंडावर आदळते. त्या सकाळी मी मेरिनो, फ्लीस आणि वर बिनबाह्यांची पातळ बंडी असे सगळे चढवले, वरून जॅकेट घातले, आणि दुर्बीण डोळ्यांना लावायला हात उचलला तर तो खांद्याच्या वर जाईना. काखेचा घेर इतका आवळला गेला होता की जॅकेट कमरेपासून वर सरकले आणि थंड हवा पाठीत शिरली. दुकानात मी ते एका पातळ सदऱ्यावर घालून पाहिले होते आणि नेहमीचे माप निवडले होते. परंतु कंपनीने दिलेल्या मापांच्या तक्त्यात आत किती थर गृहीत धरले आहेत याचा कोठेही उल्लेख नाही, आणि थरांवर घालण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही त्रुटी क्षुल्लक म्हणता येणार नाही. हूडचेही तसेच: कानटोपीवर ते बसते, पण मग मान वळवली की डोळ्यासमोर त्याचीच कड येते.

केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि आमच्या वाट्याला त्यातला चार तासांचा आला. टोंगासच्या रानात, शेवाळ लटकणाऱ्या झाडांखाली, पाऊस थांबला तरी फांद्यांवरचे पाणी गळतच राहते. अंग शेवटपर्यंत कोरडे राहिले, ही जॅकेटची सर्वांत जमेची बाजू आहे. दोन ठिकाणी मात्र ते कमी पडले. पाठपिशवीचे पट्टे ज्या खांद्यांवर घासत होते, तिथे पाण्याचे मोत्यासारखे थेंब घरंगळणे तिसऱ्या तासाला थांबले आणि कापड गडद होऊन जड लागू लागले. पाणी आत आले नव्हते, पण बाहेरचा पदर भिजला की घामाची वाफ बाहेर पडत नाही आणि आत चिकचिक होते. योग्य साबणाने धुऊन मंद आचेच्या ड्रायरमध्ये फिरवल्यावर थेंब घरंगळवणारा कापडावरचा लेप पुन्हा काम करू लागतो, हे मी नंतर स्वतः करून पाहिले. जॅकेटच्या लेबलवर मात्र फक्त धुण्याची चिन्हे आहेत. दुसरी जागा म्हणजे खिशांच्या चेन. त्या पाणी अडवणाऱ्या नाहीत, आणि माझ्या खिशातला नकाशा लगदा होऊन निघाला. दुर्बीण उचलताना बाहीतून पाणी कोपरापर्यंत ओघळते ते वेगळे; पण तो दोष जॅकेटचा नाही, मनगटाची वेल्क्रो पट्टी मी सैल ठेवली होती.

संध्याकाळच्या कपड्यांविषयी एवढेच सांगते की आगीच्या भीतीने जहाजावर इस्त्री नेऊ देत नाहीत, तेव्हा चुरगळणारे कापड टाळावे. पोहण्याचा पोशाख मात्र जरूर न्यावा, कारण भुरभुर पावसात डेकवरच्या गरम पाण्याच्या कुंडात बसण्याची मजा काही और आहे.

मापाचा निकाल अखेर बहिणीमुळे लागला. तिने हेच जॅकेट घेतले होते, पण तिच्या मापाचे शिल्लक नसल्याने एक माप मोठे. ग्लेशियर बेच्या संध्याकाळी आम्ही अदलाबदल केली. ती थंडीची पर्वा न करणारी, नुसत्या फ्लीसवर फिरणारी. माझे जॅकेट तिला नेमके बसले, आणि तिचे माझ्या तिन्ही थरांवर आरामात चढून दोन्ही हात डोक्यावर जाऊ लागले. केचिकनचा सगळा पाऊस मी त्यातच काढला. त्याची बाही बोटांच्या मुळापर्यंत उतरते, आणि हातमोजे केबिनमध्ये राहिले होते त्या दिवशी तेच बरे पडले.