मायक्रोसॉफ्ट ग्राफचे परवाना-वापर अहवाल: कामाचे, पण वेळीच उतरवून ठेवावे असे

मायक्रोसॉफ्ट ३६५ चा कोणता परवाना खरोखर वापरात आहे आणि कोणता नुसताच धूळ खात पडला आहे, हे पाहण्यासाठी मी मायक्रोसॉफ्ट ग्राफ या वेब एपीआयमधील (म्हणजे प्रोग्रॅममधून माहिती मागवण्याच्या सोयीतील) सक्रिय वापरकर्त्यांचा तपशीलवार अहवाल वापरतो. 'रिपोर्ट्स डॉट रीड डॉट ऑल' ही परवानगी असलेल्या अ‍ॅपने विनंती पाठवली की ३०२ हा (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा) प्रतिसाद आणि थोडाच वेळ चालणारा दुवा मिळतो, ज्यावरून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) उतरवून घ्यावी लागते. त्या फाइलमध्ये प्रत्येक वापरकर्त्यासमोर एक्स्चेंज, वनड्राइव्ह, शेअरपॉइंट, टीम्स या सेवांचा परवाना आहे की नाही, तो कधी दिला आणि शेवटचा वापर कधी झाला, हे ओळीने येते. परवाना आहे, पण शेवटच्या वापराचा रकाना कोरा, अशी ओळ दिसली की नूतनीकरणाच्या बैठकीत काय बोलायचे ते ठरते.

अहवालाचा कालावधी मात्र ७, ३०, ९० किंवा १८० दिवसांचाच मागता येतो, त्यामुळे याला इतिहास म्हणणे मला जरा धाडसाचे वाटते. म्हणून दर सोमवारी मी ही फाइल आमच्या डेटाबेसात साठवतो.

२०२१ पासून वापरकर्त्यांची नावे मुळातच झाकलेली येतात, आणि गोपनीयतेच्या दृष्टीने ते मला योग्यच वाटते. पण हे ठाऊक नसताना नावांच्या जागी अगम्य अक्षरमाळा पाहून मी तासभर स्वतःचाच कोड तपासत बसलो होतो. प्रशासकाने अ‍ॅडमिन सेंटरमधील सेटिंग बदलले की नावे दिसू लागतात.