बेरोजगारीवरचा धक्का मोजायला व्हीएआर की लोकल प्रोजेक्शन?

अर्थव्यवस्थेला अचानक धक्का बसल्यावर बेरोजगारी किती तिमाही चढी राहते, हे मोजताना प्रबंधाचे विद्यार्थी व्हीएआर (व्हेक्टर ऑटोरिग्रेशन) आणि लोकल प्रोजेक्शन या दोन पद्धतींत अडकतात.

मेहनत: व्हीएआरमध्ये (सिम्स, 1980) समीकरणांचा संच (प्रत्येक आकडा सगळ्यांच्या मागच्या आकड्यांवरून) एकदाच बसवायचा, पुढचा सगळा मार्ग त्यातूनच निघतो. लोकल प्रोजेक्शनमध्ये (जोर्डा, 2005) धक्क्यानंतरच्या दर तिमाहीसाठी वेगळं रिग्रेशन (आकड्यांतला संबंध मोजणारं समीकरण). 0 ते 20 तिमाहींसाठी 21.

चूक कुठे होते, हे जास्त महत्त्वाचं. बेरोजगारी झपाट्याने वाढते, उतरते मात्र रेंगाळत. व्हीएआरमध्ये 2 लॅग (म्हणजे मागच्या दोनच तिमाहींचे आकडे) ठेवले तर ही रेंगाळ हरवू शकते आणि धक्का लवकर ओसरल्यासारखा दिसतो. तिमाही आकड्यांना किमान 4 लॅग घ्या. लोकल प्रोजेक्शनमध्ये हा धोका कमी, पण आलेख दातेरी आणि विश्वासपट्टा (अंदाजातली अनिश्चितता दाखवणारा पट्टा) रुंद. 20व्या तिमाहीला 20 निरीक्षणंही गळतात. लागोपाठच्या तिमाहींच्या त्रुटी एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून ही गुंतागुंत धरणारी न्यूई-वेस्ट प्रमाणत्रुटी वापरा.

धक्का ओळखण्याचं (बदल नेमका कशामुळे झाला, हे वेगळं काढण्याचं) काम दोन्ही पद्धती आपोआप करत नाहीत. आणि सहभाग दर (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण) जोडाच: निराश माणसं काम शोधणं थांबवतात तेव्हा नोकऱ्या न वाढताही बेरोजगारी दर घटतो.

मालिका छोटी असेल तर व्हीएआर. मालिका लांब असेल, धक्का मॉडेलच्या बाहेर, स्वतंत्रपणे मोजलेला असेल किंवा मंदी-तेजीतला परिणाम वेगळा तपासायचा असेल, तर लोकल प्रोजेक्शन.